पाना कुणाच्या हातात, सही कुणाची

लढाऊ विमानांची देखभाल खासगी कंपन्यांना द्यावी का, हा विषय आपल्याकडे निघाला की लगेच दोन फळ्या पडतात. एका फळीच्या मते सरकारी डेपो म्हणजे निव्वळ वेळकाढूपणा. दुसरीच्या मते खासगी कंत्राटदार म्हणजे देशाच्या सुरक्षेचा लिलाव. विमानाचे पॅनेल उघडून आत बघण्याची तसदी दोन्ही फळ्या घेत नाहीत. आत बघितले तर पाना कोण फिरवतो याला तितकेसे महत्त्व नाही, हे लक्षात येते. विमान उडण्यालायक आहे की नाही हे आपल्याच माणसांच्या ज्ञानावर ठरवण्याची कुवत हवाई दलाकडे उरते का, ते पाहायचे. ती राखून जे देता येईल ते खुशाल बाहेर द्यावे. ती जाणार असेल तर कंत्राट फुकट मिळाले तरी महागच पडते.

मुळात काम बाहेर देणे आपल्याला नवे नाही. देखभालीचे थर असतात. फर्स्ट लाइन म्हणजे उड्डाणापूर्वीची, दोन उड्डाणांमधली आणि उड्डाणानंतरची तपासणी : टायरचा दाब, हायड्रॉलिक तेलाची पातळी, इंजिनाच्या तोंडात पक्षी किंवा खडा गेल्याच्या खुणा, पायलटने नोंदवलेले स्नॅग, म्हणजे बिघाड. सेकंड लाइनचे काम तळावरच, ठरावीक तासांनी होते. त्यापुढचे खोल काम, म्हणजे विमान पूर्ण उघडून करायचे ओव्हरहॉल, हवाई दलाच्या बेस रिपेअर डेपोंमध्ये (बीआरडी) किंवा हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये (एचएएल) चालते. हे डेपो नागपूरच्या मेंटेनन्स कमांडच्या हाताखाली येतात. नाशिकजवळ ओझरला तर दोन्ही शेजारी आहेत, ११ बीआरडी आणि एचएएलचा कारखाना, आणि सुखोई-३० एमकेआयचे ओव्हरहॉल दोघेही करतात. एचएएल सरकारी मालकीची असली तरी हवाई दलाच्या दृष्टीने ती कंत्राटदारच आहे. करार करून काम घेते, मनुष्य-तासांचा दर लावते, बिल पाठवते. तेव्हा कंत्राटी देखभालीचे सगळे आजार आपल्या ओळखीचे असायला हवेत.

त्यातला मुख्य आजार समजून घ्यायचा तर ओव्हरहॉल कसे होते ते पाहावे लागेल. विमान आले की आधी इंधन काढतात, इंजिने उतरवतात, सीट आणि तिचे स्फोटक भाग वेगळे करतात. मग पॅनेल, पाइप, वायरिंगचे जुडगे, पंप, अ‍ॅक्च्युएटर अशी हजारो सुटी अंगे टॅग लावून आपापल्या शॉपमध्ये जातात. एअरफ्रेमचा रंग उतरवतात. त्यानंतर खरी तपासणी : पृष्ठभागावरचे तडे शोधायला डाय पेनिट्रंट, बोल्टच्या भोकांभोवतीचे तडे शोधायला एडी करंट, आतल्या दोषांसाठी अल्ट्रासॉनिक आणि क्ष-किरण. इथे दोषांची यादी तयार होते आणि इथेच कराराचे गणित बिघडते. किती काम निघणार हे रंग उतरेपर्यंत कुणालाच माहीत नसते. किनाऱ्यावरच्या तळावर वर्षे काढलेल्या विमानाच्या पोटात गंज किती खोल गेला आहे, इंधन टाकीचे सीलंट कुठे सुटले आहे, हे निविदा भरताना समजत नाही.

म्हणून प्रत्येक करारात दोन भाग असतात. ठरलेल्या कामांची ठरलेली किंमत, आणि विमान उघडल्यावर जास्तीचे निघालेल्या कामाचा वेगळा दर. हा दुसरा भाग ज्याला नीट लिहिता आला नाही तो ग्राहक फसतो, आणि दोन्ही बाजूंनी फसतो. जास्तीच्या कामाला भरघोस दर दिला तर कंत्राटदाराला प्रत्येक ओरखडा दुरुस्तीयोग्य दिसू लागतो. सगळे काम एका रकमेत बांधले तर दोष दिसेनासे होतात. तिसरी गोष्ट म्हणजे विलंबाचा दंड. दिवसाला अमुक टक्के कापणार असे लिहिले की सीलंट सुकायला लागणारे तास, रंगाच्या दोन थरांमधली वाट, घट्ट केलेल्या बोल्टवर दुसऱ्या माणसाची तपासणी, अशा न दिसणाऱ्या वेळांवरच आधी कात्री चालते. यात कुणी खलनायक असावाच लागत नाही. सुपरवायझरवर महिनाअखेरीचा दबाव असला की पुरे.

ब्रिटनच्या हवाई दलाने १९९३ मध्ये याचा धडा रोकडा घेतला. टॉर्नेडो एफ-३ विमानांच्या सांगाड्याचे आयुष्य वाढवण्याचे काम मूळ उत्पादकाकडे न देता एअरवर्क नावाच्या कंपनीला दिले गेले. काम ऐकायला साधे होते : मध्यभागातले जुने फास्टनर, म्हणजे रिव्हेट-बोल्ट, काढा, मजबुतीचे भाग बसवा, पुन्हा जोडा. फास्टनर काढण्याची रीत मात्र ठरलेली असते. डोक्याच्या मध्यावर खूण, दांड्याच्या मापाच्या ड्रिलने फक्त डोक्याच्या जाडीइतकेच छिद्र, डोके उडवून मागून आधार देत पंचने दांडा बाहेर. घाईने चुकीची अवजारे चालवली की भोक अंडाकृती होते आणि खालच्या लाँजेरॉनवर, म्हणजे विमानाच्या लांबीभर जाणाऱ्या कण्यावर, चरे पडतात. असा चरा म्हणजे पुढच्या तड्याची सुरुवात. आयुष्य वाढवायला दिलेल्या डझनाहून अधिक विमानांचे सांगाडे असे निकामी झाले. शेवटी निवृत्त टॉर्नेडो एफ-२ विमानांचे मधले भाग कापून या विमानांना जोडावे लागले. स्वस्त निविदेची बचत केव्हाच मातीत गेली होती.

हे वाचून सरकारी डेपोचे समर्थक खूश होतील, तर त्यांनी २०१७ ची मिसिसिपीची दुर्घटनाही पाहावी. अमेरिकी मरीन कोअरचे केसी-१३० टी हे मालवाहू विमान १० जुलैला हवेतच तुटले आणि आतले १६ जण ठार झाले. दुसऱ्या प्रोपेलरचे एक पाते निखळून थेट विमानाच्या अंगात घुसले होते. पात्याच्या मुळाशी गंजाचा खड्डा होता, त्यातून तडा वाढत गेला. हे पाते २०११ मध्ये ओव्हरहॉल झाले होते ते जॉर्जियातल्या वॉर्नर रॉबिन्स इथे, म्हणजे अमेरिकी हवाई दलाच्या स्वतःच्या डेपोत. तेव्हा तिथे असलेला आणि सापडू शकणारा गंज काढलाच गेला नाही, असा चौकशीचा निष्कर्ष होता. ना नफा, ना निविदा. ठरलेली प्रक्रिया पाळली जाते का हे पाहणारी नजर ढिली पडली होती, एवढेच.

आपली सरकारी व्यवस्थाही फार अभिमानाने मिरवण्याजोगी नाही. सुखोई-३० ताफ्यापैकी किमान ७५ टक्के विमाने सज्ज असावीत असा दंडक असताना प्रत्यक्षात ५५ ते ६० टक्केच असतात, असे कॅगने २०१५ मध्ये नोंदवले. दुरुस्ती-ओव्हरहॉलची सोय उभी राहायला झालेला उशीर आणि सुट्या भागांअभावी जमिनीवर अडकलेली विमाने ही कारणे त्यात होती. त्याच वर्षी संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी सुखोईच्या इंजिन बिघाडांचा हिशेब जाहीर केला : तपासलेल्या ६९ घटनांपैकी ३३ सदोष बेअरिंगमुळे. बेअरिंगचा धातू थकतो, त्याचे बारीक कण तेलात उतरतात, ते कण आणखी झीज करतात. तेलाचे नमुने वेळोवेळी काढून त्यातले धातू मोजत राहिले तर इंजिन बंद पडायच्या आधी हे कळते. गोव्यात हंसा तळावर ठेवलेल्या नौदलाच्या मिग-२९ के विमानांची स्थिती तर आणखी बिकट होती. कॅगच्या २०१६ च्या अहवालाप्रमाणे त्यांची सज्जता १५.९३ ते ३७.६३ टक्क्यांच्या दरम्यान फिरत होती आणि घेतलेल्या ६५ इंजिनांपैकी ४० दोषांमुळे सेवेतून काढावी लागली होती. इथे पाना सरकारी हातातच होता. फायदा काय झाला? रेखाचित्रे, सुटे भाग आणि दोषाचे मूळ शोधण्याचा अधिकार हजारो किलोमीटर दूर रशियात होता.

आता खासगी सहभागाच्या बाजूचा सगळ्यात चांगला पुरावा. ब्रिटननेच टॉर्नेडोच्या फजितीनंतर काही वर्षांनी टॉर्नेडो आणि हॅरियर या लढाऊ विमानांची देखभाल नव्या पद्धतीने बांधली. सुटे भाग आणि मनुष्य-तास विकत घेण्याऐवजी सज्ज विमाने विकत घ्यायची, आणि कंपनीचे लोक हवाई दलाच्या तळावर वर्दीतल्या तंत्रज्ञांबरोबर एकाच ओळीत काम करणार. तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २००७ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार या दोन ताफ्यांचा देखभाल खर्च वर्षाला ७१.१ कोटी पौंडांवरून ३२.८ कोटींवर आला. यातले मर्म वर्दीतल्या तंत्रज्ञांत आहे. एकाच विमानावर दोघे काम करत असल्यामुळे हवाई दलाच्या माणसाला कंपनीचे काम रोज दिसत होते, आणि त्याचा स्वतःचा हातही गंजत नव्हता.

अशा करारांना आपल्याकडे परफॉर्मन्स बेस्ड लॉजिस्टिक्स म्हणतात, पीबीएल. २०१६ च्या ३६ राफेल खरेदीत तो होता : पाच वर्षे, ताफ्यातली किमान ७५ टक्के विमाने सज्ज ठेवण्याची उत्पादकाची हमी. ऐकायला उत्तम. पण करार लिहिणाऱ्याने इथे ७५ टक्के कशाचे, हे विचारून घ्यायचे असते. सकाळी आठ वाजता मोजायचे की दिवसभराची सरासरी? ओव्हरहॉलला गेलेली विमाने भाजकात धरायची की वगळायची? विमान उडते पण रडार बंद आहे, तर ते सज्ज की नाही? एका विमानाचा पंप काढून दुसऱ्याला बसवला आणि पहिले विमान आधीच तपासणीत उभे असेल, तर आकडा जसाच्या तसा राहतो. अशी उसनवारी महिन्यात किती वेळा झाली हे वेगळे मोजायची अट नसेल, तर ७५ टक्क्यांची हमी कागदावर पूर्ण होत राहते आणि स्क्वाड्रनमध्ये दोन विमाने कायमची सांगाडे होऊन उभी राहतात. शांततेच्या काळात वर्षाला ठरलेले उड्डाणतास धरून दिलेली हमी युद्धाच्या आठवड्यात, जेव्हा एकेक विमान दिवसातून तीन-चारदा उडते, तेव्हा लागू राहते का, याचे उत्तरही करारातच हवे.

यापेक्षा खोल खड्डा आहे तो तांत्रिक माहितीचा. एफ-३५ विकत घेताना अमेरिकेने देखभालीचा बहुतांश भार उत्पादकांवर टाकला आणि दुरुस्तीसाठी लागणाऱ्या तांत्रिक माहितीचे हक्क वेळीच घेतले नाहीत. मार्च २०२३ मध्ये या ताफ्याची मोहीम-सज्जता सुमारे ५५ टक्के होती आणि दुरुस्तीच्या रांगेत दहा हजारांहून अधिक भाग पडून होते, असे तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी दाखवले. डेपोत माणसे आहेत, बाक आहेत, पण अमुक सर्किट कार्ड कसे तपासायचे याची पुस्तिका नाही. मग पेटी उत्पादकाकडे जाते, तिथे दोष सापडला नाही असा शेरा मारून परत येते, विमानावर चढते आणि पुन्हा तोच स्नॅग. हे अशा देशात घडले जिथे डेपो पातळीच्या देखभालीच्या वार्षिक निधीतला निम्म्याहून अधिक भाग कंत्राटदारांना द्यायला कायद्यानेच मनाई आहे. आपल्याकडे असा कायदा नाही. असावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. टक्केवारीवर वाद घालता येईल.

माणसे आणि माहिती दोन्ही बाहेरची असली की काय होते ते २०२१ मध्ये काबूलला दिसले. अफगाण हवाई दलाला ओळखीची रशियन एमआय-१७ हेलिकॉप्टरे सोडायला लावून अमेरिकी ब्लॅक हॉक दिली गेली होती, आणि ती जवळपास पूर्णपणे कंत्राटदारांच्या हातावर चालत होती. कंत्राटदारांशिवाय एकही प्रकार काही महिन्यांपलीकडे लढण्याजोगा राहणार नाही, असा इशारा अमेरिकी महानिरीक्षकांच्या अहवालांत आधीच होता. सैन्यमाघारीबरोबर कंत्राटदार निघाले. एप्रिल-मेमध्ये ७७ टक्के असलेली ब्लॅक हॉकची सज्जता जूनमध्ये ३९ टक्क्यांवर आली. भारताची तुलना अफगाणिस्तानशी नाही, हे उघड आहे. पण आपल्यालाही असा चटका बसलेला आहे. १०५ एएन-३२ मालवाहू विमानांच्या आधुनिकीकरणाचा २००९ चा युक्रेनबरोबरचा करार ४० विमाने तिकडे आणि उरलेली कानपूरच्या १ बीआरडीत अशा वाटणीचा होता. २०१४ मध्ये क्रिमिया पेटला आणि कानपूरला लागणारे सुटे भाग अडले. डेपो आपला, कामगार आपले, तरी काम रखडले.

आता सहीकडे वळू. विमान दुरुस्तीतून बाहेर पडते तेव्हा फॉर्म ७०० मध्ये, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीत, कुणीतरी सही करतो आणि पायलट त्या सहीच्या भरवशावर चढतो. ही सही करणाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक असली पाहिजे आणि ‘नाही’ का, हे कळण्याइतके ज्ञानही असले पाहिजे. दोन्ही गोष्टी गेल्या की काय होते ते ब्रिटनच्या निमरॉड प्रकरणात आहे. २ सप्टेंबर २००६ रोजी कंदाहारवर हवेत इंधन भरून झाल्यावर निमरॉड एक्सव्ही-२३० या टेहळणी विमानाला आग लागली आणि १४ जण गेले. गळलेले इंधन तापलेल्या हवेच्या पाइपापर्यंत पोचले होते. ती शक्यता दशकानुदशके रचनेतच होती. ती शोधण्यासाठीच विमानाची सुरक्षितता तपासण्याचे काम बीएई सिस्टिम्सला दिलेले होते, आणि त्यावर स्वतंत्र सल्लागार म्हणून क्यूनेटिक ही दुसरी कंपनी होती. वकील हॅडन-केव्ह यांच्या २००९ च्या चौकशीत दिसले की काम पूर्ण म्हणून सुपूर्द केले तेव्हा ४० टक्क्यांहून अधिक धोके ‘खुले’ आणि ३० टक्क्यांहून अधिक ‘वर्गीकरण न केलेले’ होते. कंपनीने कागद दिले, सल्लागाराने मान डोलावली, संरक्षण मंत्रालयाच्या पथकाने स्वीकारले. खर्चकपातीच्या वर्षांत मंत्रालयातली जाणती माणसे कमी झाली होती आणि उड्डाणयोग्यतेवर पैशाचे गणित वरचढ झाले होते, हाही चौकशीचा ठपका होता. ब्रिटनने २०१० मध्ये लष्करी विमानांसाठी स्वतंत्र उड्डाणयोग्यता प्राधिकरण स्थापन केले ते या मरणांनंतर.

आपल्याकडे रचनेची उड्डाणयोग्यता सेमिलॅक ही डीआरडीओची संस्था पाहते, कारखान्यातली गुणवत्ता डीजीएक्यूए हे संरक्षण मंत्रालयाचे गुणवत्ता महासंचालनालय पाहते, नियम आयएमटीएआर-२१ या नियमावलीत लिहिलेले आहेत, आणि सेवेतल्या विमानाची रोजची जबाबदारी दलांची. एचएएल आणि डेपो एवढेच खेळाडू होते तोवर ही वाटणी कशीबशी चालली. उद्या पाच खासगी कंपन्या, त्यांचे उपकंत्राटदार, त्यांचे छोटे-मोठे वर्कशॉप यात आले तर एका तड्याची जबाबदारी चार कार्यालयांत फिरेल. म्हणून खरेदी विभाग आणि कारखाने दोघांपासून अलग, विमान जमिनीवर ठेवण्याचा अधिकार असलेले एकच प्राधिकरण आधी हवे. मोठी कंत्राटे त्यानंतर.

बाहेर काय द्यावे याचे उत्तर त्या मानाने सोपे आहे. नौदलाची सागरी टेहळणीची १२ पी-८आय विमाने बोइंग ७३७ वर बेतलेली आहेत. त्यांची मोठी तपासणी होसूरच्या खासगी हँगरमध्ये होते आणि त्यात वावगे काही नाही, कारण त्या सांगाड्याचे ज्ञान जगभरच्या नागरी बाजारात आहे आणि एका ठिकाणी अडले तर नागपूरच्या मिहानसारख्या दुसऱ्या जागेचा विचार करता येतो. सी-१७ या मालवाहू विमानांची देखभाल बोइंगच्या जागतिक कराराने होते, कारण ११ विमानांसाठी सुट्या भागांचा स्वतंत्र साठा करणे वेडेपणा ठरेल. रंगकाम, चाके-ब्रेक, टायर, जमिनीवरची उपकरणे, प्रशिक्षण विमाने, हेही जावे. विमानांच्या देखभाल-दुरुस्तीवरचा (एमआरओ) जीएसटी २०२० मध्ये १८ वरून ५ टक्क्यांवर आल्यापासून देशातल्या कंपन्यांना तशी संधीही आहे. लेफ्टनंट जनरल शेकटकर समितीच्या शिफारशींनंतर लष्कराच्या बेस वर्कशॉपसाठी सरकारी मालकी-खासगी चालक असा नमुना पुढे आला. खडकीच्या ५१२ वर्कशॉपसारख्या ठिकाणी रणगाड्यांपुरता तो तपासून पाहायला हरकत नाही. तोच साचा उचलून ११ बीआरडीवर बसवणे मात्र घातक, कारण सुखोईचे ओव्हरहॉल करणारी देशातली दुसरी जागा फक्त एचएएल आहे. एक बाहेर दिली तर किंमत आणि दर्जा पडताळायला मापच उरत नाही. डेपोत वर्षाला थोडी का होईना विमाने वर्दीतल्या माणसांनी स्वतः उघडली तरच दुसऱ्याच्या बिलातले ४०० तास खरे की फुगवलेले, हे सांगता येते.

एप्रिल २०२५ मध्ये नौदलासाठी २६ राफेल-मरीनचा सुमारे ६३ हजार कोटींचा करार झाला. त्यातही पाच वर्षांचे पीबीएल आहे, शिवाय इंजिन, सेन्सर आणि शस्त्रांच्या देखभालीची सोय भारतात उभी करण्याचे कलम आहे. पाच वर्षे हा शिकण्याचा काळ म्हणून वापरला तर बरा. पहिल्या वर्षी नौदलाचे तंत्रज्ञ कंपनीच्या माणसाबरोबर उभे राहतील, तिसऱ्या वर्षी इंजिनाचे मॉड्यूल ते उतरवतील आणि कंपनीचा माणूस बघेल, पाचव्या वर्षी चाचणी-बाकावर सही त्यांची असेल, असे वेळापत्रक करारासोबतच हवे आणि कंपनीच्या हप्त्याचा काही भाग त्याला बांधलेला हवा. तसे नसेल तर सहाव्या वर्षी कंपनी नवा दर सांगेल आणि तो मान्य करण्याखेरीज नौदलाच्या हातात काहीच नसेल.